फॉस्टेक्स टी५०आरपी हेडफोनमधील फेरबदल व दुरुस्ती

फॉस्टेक्स टी५०आरपी हा फॉस्टेक्स या जपानी कंपनीचा, सपाट पडद्याच्या चुंबकीय ड्रायव्हरवर चालणारा अर्ध-खुल्या रचनेचा स्टुडिओ हेडफोन आहे. तुलनेने कमी किंमत, सहज उघडता येणारे कप आणि बदलांना ठळक प्रतिसाद देणारा ड्रायव्हर यांमुळे हा हेडफोन जगभरातील हौशी तंत्रज्ञांमध्ये फेरबदलांसाठी विशेष प्रसिद्ध झाला. असे फेरबदल केलेले अनेक संच पुढे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती जातात. कपाच्या आत काय भरले आहे, कोणत्या तारा बदलल्या आहेत आणि ते काम किती काळजीपूर्वक झाले आहे, याची माहिती नव्या मालकाला बहुधा नसते. त्यामुळे अशा संचाची दुरुस्ती ही नेहमीच्या हेडफोन दुरुस्तीपेक्षा वेगळी ठरते. दोष मूळ यंत्रात आहे की फेरबदलात, हे तिच्यात प्रथम ठरवावे लागते.

== पार्श्वभूमी ==

फॉस्टेक्स ही फॉस्टर इलेक्ट्रिक या ध्वनियंत्रे बनवणाऱ्या जपानी कंपनीची १९७३ मध्ये सुरू झालेली शाखा आहे. सपाट पडद्याचे हेडफोन १९७० च्या दशकात जपानमध्ये लोकप्रिय होऊ लागले. यामाहा कंपनीने याच तत्त्वावरील आपल्या हेडफोनांना ‘ऑर्थोडायनॅमिक’ असे नाव दिले होते. फॉस्टेक्स आपल्या तंत्राला ‘रेग्युलर फेज’ म्हणते आणि ‘टी५०आरपी’ या नावातील ‘आरपी’ ही अक्षरे त्यावरूनच आली आहेत. या मालिकेत टी२०आरपी हा खुला, टी४०आरपी हा बंद आणि टी५०आरपी हा अर्ध-खुला, असे तीन प्रकार आहेत. टी५०आरपीची ‘मार्क ३’ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली.

२०१० च्या दशकाच्या सुरुवातीस अमेरिकेतील काही छोट्या उत्पादकांनी टी५०आरपीचा ड्रायव्हर घेऊन स्वतःचे हेडफोन तयार केले. डॅन क्लार्क यांच्या मिस्टर स्पीकर्स या कंपनीचे ‘मॅड डॉग’ व ‘अल्फा डॉग’ हे त्यांपैकी परिचित नमुने होत. अल्फा डॉगचे कप त्रिमितीय छपाईने बनवलेले होते. झॅक मेहरबाख यांच्या झेडएमएफ या कंपनीचा आरंभही टी५०आरपीमधील फेरबदलांपासून झाला. पुढे या दोन्ही कंपन्यांनी स्वतःचे स्वतंत्र हेडफोन विकसित केले. व्यावसायिक फेरबदलांच्या बरोबरीने घरगुती फेरबदलांची संख्याही वाढत गेली. वापरलेल्या वस्तूंच्या बाजारात आढळणारे बहुतेक संच या दुसऱ्या प्रकारचे असतात.

== रचना व कार्यतत्त्व ==

सर्वसाधारण हेडफोनमध्ये शंकूच्या किंवा घुमटाच्या आकाराच्या पडद्याला तारेचे वेटोळे जोडलेले असते. टी५०आरपीमध्ये वेगळे वेटोळे नसते. पॉलिइमाइडच्या पातळ, सपाट पडद्यावर तांब्याचा नागमोडी मार्ग कोरलेला असतो. हा पडदा चुंबकांच्या ओळींमध्ये ताणून बसवलेला असतो. तांब्याच्या मार्गातून ध्वनिसंकेताचा विद्युत प्रवाह वाहू लागला की चुंबकीय क्षेत्रामुळे त्यावर बल निर्माण होते आणि संपूर्ण पडदा जवळजवळ एकसारखा पुढे-मागे हलतो.

या रचनेचे दुरुस्तीच्या दृष्टीने तीन महत्त्वाचे परिणाम आहेत.

* ड्रायव्हरचा इंपीडन्स जवळजवळ पूर्णपणे रोधरूप असतो आणि वारंवारतेनुसार फारसा बदलत नाही. मार्क ३ आवृत्तीचा नाममात्र इंपीडन्स ५० ओहम आहे. त्यामुळे साध्या मल्टिमीटरवरही त्याच्या आसपासचे मूल्य दिसते आणि विद्युत तपासणी सोपी होते.
* ड्रायव्हरची संवेदनशीलता कमी आहे. मार्क ३ साठी ती १ मिलीवॅटला ९२ डेसिबल इतकी सांगितली जाते. म्हणजे संगीतातील ११२ डेसिबलच्या क्षणिक शिखरासाठी १०० मिलीवॅट शक्ती, म्हणजेच सुमारे २.२ व्होल्ट लागतात. भ्रमणध्वनीला जोडल्यावर दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच क्षीण येत असेल, तर तो बहुधा दोष नसून वर्धकाची गरज असल्याचे लक्षण असते.
* पडद्याच्या मागील हवेचा त्याच्या हालचालीवर मोठा परिणाम होतो. कपातील पोकळी, छिद्रे, कापूस, नमदा किंवा इअरपॅड यांतील लहानसा फरकही आवाजात ऐकू येतो. हेडफोन फेरबदलांना अनुकूल ठरण्याचे कारण हेच, आणि चुकीच्या फेरबदलाने सहज बिघडण्याचे कारणही हेच.

मार्क ३ मध्ये तार केवळ डाव्या कपाला जोडली जाते. तेथे ३.५ मिलिमीटरचा, फिरवून अडकवता येणारा जोड आहे. उजव्या बाजूचा संकेत डाव्या कपातून हेडबँडमार्गे उजव्या कपात जातो. दोन्ही बाजूंची परतीची तार, म्हणजे ग्राउंड, सामाईक असते.

== प्रचलित फेरबदल ==

वापरलेला संच उघडल्यावर पुढीलपैकी एक किंवा अनेक बदल आढळू शकतात.

=== वजन व कंपनरोध ===
मूळ कप पातळ प्लॅस्टिकचे असून ड्रायव्हरबरोबर कंप पावतात. हे कंपन कमी करण्यासाठी आतील भिंतींवर किंवा ड्रायव्हर बसवलेल्या तबकडीवर तेलयुक्त मॉडेलिंग क्ले, चिकट पुट्टी अथवा मोटारींच्या दारांत वापरतात तशी डांबरी किंवा ब्युटाइलची पट्टी लावली जाते.

=== शोषक भरण ===
कपाच्या मागील पोकळीतील परावर्तन कमी करण्यासाठी कापूस, नमदा, फोम किंवा क्वचित काचतंतू भरला जातो. भरण जास्त झाल्यास आवाज कोरडा व दबलेला वाटतो. ते कमी पडल्यास मध्य पट्टीत घुमटपणा राहतो.

=== छिद्रे झाकणे ===
अर्ध-खुल्या कपावरील फटी आतून चिकटपट्टीने अंशतः किंवा पूर्ण बंद केल्या जातात. त्यामुळे खर्जातील स्वरांचे प्रमाण व स्वरूप बदलते.

=== इअरपॅड बदलणे ===
मूळ पातळ इअरपॅडऐवजी दुसऱ्या हेडफोनचे जाड, चामड्याचे किंवा कृत्रिम चामड्याचे पॅड बसवले जातात. यामुळे कान व ड्रायव्हर यांतील अंतर वाढते आणि डोक्याशी हवाबंद जुळणी सुधारते. सपाट पडद्याच्या हेडफोनचा खर्ज या जुळणीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो.

=== तारांचे फेरबदल ===
काही संचांत दोन्ही कपांना स्वतंत्र जोड बसवलेले असतात, तर काहींत संतुलित वर्धकासाठी चार तारांची जोडणी केलेली असते. दुरुस्तीच्या दृष्टीने हा सर्वांत काळजीपूर्वक तपासण्याचा बदल आहे.

== वापरलेल्या संचाची तपासणी ==

=== बाह्य पाहणी ===
स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील, तर संच अनेकदा उघडला गेला असावा. कपाच्या कडांवर गोंदाचे डाग, तेलकट ओलावा किंवा वितळलेल्या प्लॅस्टिकच्या खुणा आहेत का, ते पाहिले जाते. हेडफोन हातात धरून हलक्या हाताने हलवल्यास आत सुटलेला क्ले किंवा स्क्रू खडखडतो. दोन्ही कपांच्या वजनात हाताला जाणवण्याइतका फरक असेल, तर भरण असमान असण्याची शक्यता असते.

=== विद्युत तपासणी ===
हेडफोन वर्धकापासून पूर्ण वेगळा करून मल्टिमीटरने रोध मोजला जातो. तीन भागांच्या नेहमीच्या प्लगवर टोक ही डावी बाजू, मधले कडे ही उजवी बाजू आणि मुळाकडील नळी हे सामाईक ग्राउंड असते. निर्दोष संचात साधारणपणे पुढील मूल्ये मिळतात.

* टोक ते नळी : सुमारे ५० ओहम
* मधले कडे ते नळी : सुमारे ५० ओहम
* टोक ते मधले कडे : सुमारे १०० ओहम, कारण दोन्ही ड्रायव्हर एकामागोमाग जोडलेले दिसतात

वरील मूल्यांतील फरकावरून दोषाचे स्थान बऱ्याच अंशी ठरवता येते. एका बाजूचे मूल्य अनंत असेल, तर त्या बाजूचा मार्ग तुटलेला आहे. मूल्य शून्याजवळ असेल, तर तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. एका बाजूचे मूल्य दुसऱ्यापेक्षा काही ओहमने जास्त असेल किंवा तार हलवताच बदलत असेल, तर सोल्डरचा सांधा कच्चा किंवा जोड गंजलेला असतो. टोक ते नळी व कडे ते नळी ही दोन्ही मूल्ये अनंत असूनही टोक ते कडे हे मूल्य १०० ओहम येत असेल, तर दोन्ही ड्रायव्हर ठीक असून केवळ सामाईक ग्राउंड तुटलेले आहे. अशा संचात आवाज येतो, पण दोन्ही बाजूंतील फरक तेवढा ऐकू येतो. परिणामी मध्यभागी ध्वनिमुद्रित केलेला गायकाचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो आणि वाद्ये पोकळ वाटतात. हा दोष अनेकदा ड्रायव्हर बिघडल्याचा समजला जातो. प्रत्यक्षात तो एका सांध्याच्या दुरुस्तीने दूर होतो.

चार तारांची संतुलित जोडणी असल्यास डाव्या व उजव्या ऋण टोकांमध्ये कोणताही विद्युत संबंध नसावा. तेथे मल्टिमीटर शून्याजवळचे मूल्य दाखवत असेल, तर प्लग बदलला आहे पण आतील सामाईक ग्राउंड तसेच ठेवले आहे, असा अर्थ होतो. असा हेडफोन संतुलित वर्धकाला जोडल्यास वर्धकाची दोन स्वतंत्र ऋण निर्गमे एकमेकांना जोडली जातात आणि वर्धक खराब होऊ शकतो. म्हणून ही चाचणी प्लग लावण्यापूर्वीच करणे आवश्यक ठरते.

=== श्रवण तपासणी ===
विद्युत तपासणी समाधानकारक ठरल्यावरच, आवाज पूर्ण कमी ठेवून, संगीत सुरू केले जाते. एका बाजूचा आवाज कमी वाटल्यास हेडफोन उलटा, म्हणजे डावा कप उजव्या कानावर, घालून पाहिला जातो. कमी आवाज कानाबरोबर न राहता कपाबरोबर गेला, तर दोष यंत्रणेत आहे. त्यानंतर दुसरी तार व दुसरा वर्धक वापरून पाहिल्यावर दोष हेडफोनमध्येच आहे का, हे निश्चित होते. शेवटी २० ते २०० हर्ट्झ दरम्यान हळूहळू चढत जाणारा शुद्ध स्वर मंद आवाजात वाजवला जातो. एखाद्या ठरावीक वारंवारतेलाच खरखर ऐकू आल्यास सुटलेला भाग, केस किंवा कंप पावणारी चिकटपट्टी हे कारण असते.

== संच उघडणे ==

प्रथम इअरपॅड काढला जातो. त्याची पातळ कड तबकडीच्या खाचेत अडकवलेली असते. एका बाजूने बोटाने सोडवत ती हळूहळू काढावी लागते. त्याखाली तबकडी धरून ठेवणारे स्क्रू दिसतात. ते काढल्यावर तबकडी ड्रायव्हरसह उचलता येते. आतील तारा आखूड असल्यामुळे तबकडी झटक्याने ओढल्यास सांधा तुटतो. दुसऱ्याने फेरबदल केलेल्या संचात तार क्लेमध्ये रुतलेलीही असू शकते.

ड्रायव्हरमधील चुंबक प्रबळ असल्याने लोखंडी पेचकस किंवा चिमटा त्याकडे एकाएकी खेचला जातो आणि पडद्याला भोक पडू शकते. त्यामुळे ड्रायव्हर उघडा असताना त्यावर जाड पुठ्ठा ठेवला जातो आणि शक्यतो प्लॅस्टिकचा वा अचुंबकीय पोलादाचा चिमटा वापरला जातो. सोल्डरिंगनंतर कापलेल्या तारांचे तुकडे व लोखंडी कीस ड्रायव्हरजवळ राहू देऊ नये. पडद्यावर तोंडाने किंवा दाबाच्या हवेने फुंकर मारणे आणि व्हॅक्यूम क्लीनर लावणे टाळावे लागते, कारण ताणलेला पडदा दाबातील अचानक फरकाने विरूप होऊ शकतो.

काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घेतले जाते. दोन्ही कप एकाच वेळी उघडले जात नाहीत. एक कप बंद राहिल्यास तो संदर्भ म्हणून उपयोगी पडतो.

== सामान्य दोष व उपाय ==

=== एक बाजू बंद पडणे ===
उजवी बाजू पूर्ण बंद असून डावी व्यवस्थित चालत असेल, तर प्रथम संशय हेडबँडमार्गे जाणाऱ्या तारेवर घेतला जातो. कप वरखाली सरकवताना व फिरवताना ही तार वारंवार वाकते. डाव्या कपातील जोडापासून उजव्या ड्रायव्हरपर्यंत प्रत्येक टप्प्यावर मल्टिमीटर लावून तुटलेली जागा शोधली जाते. डावी बाजू बंद असेल, तर जोड, प्लग आणि डाव्या ड्रायव्हरची टोके तपासली जातात.

तुटलेला सांधा पुन्हा करताना जुने सोल्डर काढून टोक स्वच्छ केले जाते. तारेच्या टोकाला आधीच सोल्डरचा पातळ थर दिल्यास ड्रायव्हरच्या टोकावर उष्णता कमी वेळ द्यावी लागते. ६३:३७ प्रमाणाचे कथिल-शिसे सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. सोल्डरिंग गनचे टोक त्याहून बरेच तापलेले असते. म्हणून ते दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवल्यास टोकाभोवतीचे प्लॅस्टिक मऊ होऊन टोक निखळण्याचा धोका असतो. पहिल्या प्रयत्नात सांधा न झाल्यास तो थंड होऊ देऊन पुन्हा प्रयत्न केला जातो.

=== ध्रुवता उलटणे ===
तारा बदलताना एका ड्रायव्हरच्या धन व ऋण तारा अदलाबदल झाल्या, तर दोन्ही बाजूंचा आवाज येतो, पण मध्यभागाचा स्वर डोक्याच्या दोन्ही कडांना पसरल्यासारखा वाटतो आणि खर्ज पातळ होतो. मल्टिमीटरवरील रोध मात्र बरोबर येतो, कारण ध्रुवतेचा रोधाशी संबंध नसतो. एकल वाहिनीचे, म्हणजे मोनो, ध्वनिमुद्रण ऐकून या दोषाची खात्री केली जाते. ते डोक्याच्या मध्यभागी एकवटलेले ऐकू यायला हवे. तसे न झाल्यास एका बाजूच्या दोन तारा उलट करून पुन्हा ऐकले जाते.

=== दोन बाजूंच्या आवाजात फरक ===
मल्टिमीटरवर दोन्ही बाजू सारख्या असूनही आवाजात फरक असेल, तर कारण बहुधा यांत्रिक असते. एका कपातील कापूस सरकून ड्रायव्हरला चिकटणे, एका बाजूच्या फटींवरील चिकटपट्टी सुटणे, क्लेचे प्रमाण असमान असणे किंवा एक इअरपॅड नीट न बसणे ही त्यांतील नेहमीची कारणे आहेत. सर्वांत सोपे कारण प्रथम तपासले जाते. दोन्ही इअरपॅड अदलाबदल करून फरक बाजू बदलतो का, ते पाहिले जाते. तो बदलल्यास दोष पॅडमध्ये आहे आणि कप उघडण्याची गरज उरत नाही. पॅडमुळे फरक पडत नसेल, तर दोन्ही कपांतील भरण बाहेर काढून ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यावर वजन केले जाते आणि सारख्या वजनाचे भरण पुन्हा घातले जाते.

=== खरखर व कडकडाट ===
ड्रायव्हरच्या जाळीवर अडकलेला केस काढल्याने अनेकदा खरखर थांबते. कप डोक्यावर दाबताना कागद चुरगळल्यासारखा आवाज येत असेल, तर कप अति हवाबंद झाला असून दाबामुळे पडदा वाकत असतो. अशा वेळी फटींवरील चिकटपट्टीचा काही भाग काढल्याने दाब मोकळा होतो. संगीताच्या प्रत्येक खर्जाच्या ठोक्याबरोबर खरखर येत राहिली आणि कपातील सर्व भरण काढूनही ती थांबली नाही, तर पडदाच विरूप झालेला असण्याची शक्यता वाढते.

=== जुन्या भरणाचा ऱ्हास ===
तेलयुक्त क्ले वाळत नाही, पण उष्णतेत मऊ होतो आणि त्यातील तेल नमद्यात व प्लॅस्टिकमध्ये उतरते. विदर्भातील उन्हाळ्यासारख्या ४५ अंशांच्या आसपासच्या तापमानात, विशेषतः बंद मोटारीत ठेवलेल्या संचात, तो भिंतीवरून घसरून ड्रायव्हरच्या मागील जाळीवर येऊ शकतो. पाण्यात कालवलेला क्ले याउलट वाळून तडकतो आणि त्याचे कण सुटतात. कोकण किनारपट्टीसारख्या दमट हवेत कापूस ओलावा धरतो आणि जवळच्या सांध्यांवर हिरवट गंज चढतो.

क्ले लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढला जातो. चिकटपट्टीचा उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसता येतो. हा द्रव थेट कपात ओतला जात नाही आणि ड्रायव्हरपासून दूर ठेवला जातो. काचतंतू आढळल्यास हातमोजे व मुखपट्टी वापरून तो पूर्णपणे काढला जातो, कारण त्याचे तंतू त्वचेला, डोळ्यांना व श्वसनमार्गाला त्रास देतात.

=== इअरपॅडची झीज ===
कृत्रिम चामड्याचा वरचा थर घाम व उष्णतेने सुटून त्याचे काळे पापुद्रे पडतात. हे पापुद्रे जाळीतून आत गेल्यास खरखर निर्माण होते. झिजलेला पॅड हवाबंद राहत नाही, त्यामुळे खर्ज कमी होतो. पॅड चिकटवून दुरुस्त करण्यापेक्षा बदलणेच योग्य ठरते. मात्र वेगळ्या जाडीचा पॅड घेतल्यास आधीच्या मालकाने त्या पॅडनुसार जुळवलेला ध्वनिसमतोल बदलतो.

== मूळ स्थितीत आणणे व पुन्हा जुळवणी ==

आधीच्या फेरबदलांची माहिती नसेल, तर दोन मार्ग उपलब्ध असतात. पहिला मार्ग फक्त दोष दूर करून बाकीचे बदल तसेच ठेवण्याचा. संच नामांकित उत्पादकाने बदललेला असेल किंवा त्याचा आवाज समाधानकारक असेल, तेव्हा हा मार्ग निवडला जातो. दुसरा मार्ग सर्व भरण काढून हेडफोन शक्य तितका मूळ स्थितीत आणण्याचा. अनेक दोष एकत्र असतील आणि त्यांची कारणे एकमेकांत गुंतलेली असतील, तर हा मार्ग अधिक विश्वासार्ह ठरतो, कारण त्यामुळे ड्रायव्हर स्वतः निर्दोष आहे की नाही हे स्पष्टपणे कळते.

मूळ स्थितीत दोन्ही बाजू सारख्या वाजत असल्याची खात्री झाल्यावर हवे ते बदल एकेक करून पुन्हा करता येतात. एका वेळी एकच बदल, दोन्ही कपांत सारख्या प्रमाणात, आणि प्रत्येक बदलानंतर चाचणी, असा क्रम पाळला जातो. रूम ईक्यू विझार्ड या मोफत संगणक प्रणालीच्या व एका मायक्रोफोनच्या साहाय्याने डाव्या व उजव्या बाजूंची तुलना करता येते. घरगुती मोजणीतून मिळणारे आकडे प्रयोगशाळेतील मोजणीशी जुळत नाहीत. मात्र मायक्रोफोन व हेडफोन यांची मांडणी तीच ठेवल्यास दोन बाजूंतील फरक आणि बदलापूर्वीचा व नंतरचा फरक दाखवण्यास ते पुरेसे असतात.

ड्रायव्हर किंवा तबकडीला कायमचा गोंद लावणे, कपाला भोके पाडणे आणि ड्रायव्हरवरील मूळ कागदी वा नमद्याचा थर फाडणे हे बदल मागे घेता येत नाहीत. केलेल्या कामाची लेखी नोंद, त्यात भरणाचा प्रकार, वजन, जागा व तारांचे रंग नमूद करून, संचासोबत ठेवल्यास पुढील मालकाचे काम सोपे होते. विक्रीच्या वेळी फेरबदल उघड सांगणे हे वापरलेल्या वस्तूंच्या व्यवहारातील विश्वासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे असते, कारण फेरबदल केलेल्या संचाला उत्पादकाची हमी साधारणपणे लागू राहत नाही.

== दुरुस्तीच्या मर्यादा ==

फाटलेला पडदा किंवा त्यावरील तुटलेला तांब्याचा मार्ग घरी दुरुस्त करणे व्यवहार्य नसते. मल्टिमीटर थेट ड्रायव्हरच्या दोन टोकांना लावूनही मूल्य अनंत येत असेल, तर दोष ड्रायव्हरच्या आत आहे. चुंबक व पडदा यांतील अंतर अत्यंत कमी असल्याने ड्रायव्हर उघडून पुन्हा बसवताना पडद्याचा ताण पूर्ववत ठेवता येत नाही. अशा वेळी दुसऱ्या संचातील ड्रायव्हर वापरणे हाच पर्याय उरतो. एकच ड्रायव्हर बदलल्यास तो त्याच आवृत्तीचा असावा लागतो, अन्यथा दोन बाजूंची संवेदनशीलता व ध्वनिप्रतिसाद जुळत नाही. त्यामुळे वापरलेला संच विकत घेताना अन्य दोषांपेक्षा ड्रायव्हरची स्थिती निर्णायक मानली जाते. तार, जोड, इअरपॅड व भरण या सर्व बदलता येण्याजोग्या गोष्टी आहेत.

== सुरक्षितता व श्रवणाचे आरोग्य ==

सदोष हेडफोनचा एक दुर्लक्षित धोका श्रवणाशी संबंधित आहे. एक बाजू क्षीण असेल किंवा खर्ज गळत असेल, तर ऐकणारा नकळत एकूण आवाज वाढवतो आणि निर्दोष बाजूच्या कानावर अधिक ताण येतो. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या सुरक्षित श्रवणविषयक मानकात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल पातळीवर ४० तास ही मर्यादा संदर्भ म्हणून दिली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की सुरक्षित वेळ निम्मा होतो. त्यामुळे ८३ डेसिबलला ती २० तासांवर येते. दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी नेहमी सर्वांत कमी आवाजावर सुरू करण्यामागे हेच कारण आहे. कच्चा सांधा अचानक जुळल्यास आवाज एकाएकी वाढू शकतो.

शिसेयुक्त सोल्डर हाताळल्यानंतर हात धुणे आणि काम हवेशीर जागी करणे आवश्यक असते. दुसऱ्याने वापरलेले इअरपॅड आरोग्याच्या दृष्टीने बदलणे किंवा निदान नीट पुसून घेणे उचित समजले जाते.

== सुटे भाग व विल्हेवाट ==

महाराष्ट्रात प्लग, तार, सोल्डर व मल्टिमीटर यांसारखे साहित्य मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, आणि पुण्यातील बुधवार पेठेतील तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या बाजारपेठांत मिळते. प्लगची दुरुस्ती किंवा तारेचा सांधा यांसारखी कामे स्थानिक कारागीरही करून देतात. सपाट पडद्याच्या ड्रायव्हरची काळजी कशी घ्यायची, हे मात्र त्यांना आधी सांगावे लागते.

दुरुस्त न होणारा ड्रायव्हर, तारा व जोड हा ई-कचरा आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार तो घरगुती कचऱ्यात न मिसळता नोंदणीकृत पुनर्चक्रण व्यवस्थेकडे जाणे अपेक्षित आहे. एक बाजू बंद पडली म्हणून टाकून दिलेल्या संचातील दुसरा ड्रायव्हर, हेडबँड व कप चांगले असू शकतात. त्यामुळे असे सुटे भाग जपून ठेवल्यास त्याच आवृत्तीचा दुसरा संच दुरुस्त करण्यासाठी त्यांचा उपयोग होतो.